खो कधी द्यायचा?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, की मुलांना चारचौघांत मिळून काम करायला शिकवताना घरी किंवा शाळेत नेमकं कुठे अडतं? पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार होती, ‘काम एकाचं, नावं सगळ्यांची.’ त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत. नव्या वाचकांसाठी माझ्याविषयी थोडं सांगते. मी ३२ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आणि शाळा सुटल्यावर मुलींचा खो-खोचा संघ घेतला. त्यामुळे उत्तरांत मैदान वारंवार येईल.

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत ‘पाणी वाचवा’ या विषयावर पाच मुलींनी मिळून प्रकल्प करायचा होता. दोन आठवडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हो गं’, ‘करू या गं’ एवढंच चाललं होतं. आदल्या रात्री साडेबारापर्यंत माझी मुलगी एकटी बसून होती. चार्ट तिने केला, मॉडेल तिने केलं, माहिती तिनेच लिहिली. मुखपृष्ठावर पाचही नावं आणि गुणही पाचही जणींना सारखे. आता ती म्हणते, ‘आई, मला परत ग्रुपमध्ये घालू नका, मी माझं एकटीचं करते.’ तिचं चुकतंय का? – एक आई, चिंचवड

उत्तर : तिचं चुकत नाहीये. मुदत अंगावर आली की ज्याला काम येतं तो ते ओढून नेतो, तसंच तिने केलं. तिचा रागही रास्त आहे. त्या रागावर ‘जाऊ दे गं, मैत्रिणीच आहेत’ अशी फुंकर घालू नका. पण राग थोडा निवला की तिला एक विचारा. त्या प्रकल्पाला पाच जणी खरंच लागत होत्या का? एक चार्ट, एक मॉडेल, दहा पानं माहिती. हे एक हुशार मुलगी एका रात्रीत करू शकते. तुमच्या मुलीने करून दाखवलंच की! म्हणजे उरलेल्या चौघींची गरज नव्हती, आणि हे त्या चौघींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपली गरज आहे की नाही, हे मुलांना फार लवकर कळतं.

मला हे मैदानावर कळलं, तेही उशिरा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठ जणी मधल्या पाटीवर बसतात. एकीचं तोंड इकडे, तर तिच्या शेजारणीचं तिकडे. नववी उभी असते, ती पळणाऱ्या मुलीचा पाठलाग करते. पळणारी पाटी ओलांडून दुसऱ्या बाजूला गेली, की पाठलाग करणारीला तसं आरपार जाता येत नाही. एकदा दिशा धरली की पाटीच्या टोकाचा खुंट येईपर्यंत मागे फिरणंही नियमात बसत नाही. तिने फक्त बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि तिची जागा घ्यायची. खो मिळालेली मुलगी उठते आणि पाठलाग पुढे चालू राहतो. खो मिळण्याआधी कुणी उठलं तर फाऊल.

माझ्या संघात एक मुलगी होती, तालुक्यात तिच्याइतकी वेगवान दुसरी नव्हती. एका सामन्यात ती उभी राहिली आणि पळतच राहिली. खुंटाला वळसा घालायची, परत यायची, पुन्हा वळसा. खो देईचना. माझी नजर तिच्यावर होती, सगळ्यांचीच होती. मग सहज पाटीवर लक्ष गेलं. पहिल्या मिनिटाला आठही जणी हात जमिनीला टेकवून, टाचा उचलून, उडी मारायच्या तयारीत बसल्या होत्या. चौथ्या मिनिटाला तिसऱ्या जागेवरची मुलगी चक्क बोटाने मातीत रेघोट्या ओढत होती. शेवटी जेव्हा तिला खो मिळाला, तेव्हा ती उठेपर्यंत पळणारी चार हात पुढे गेली होती. सामना संपल्यावर त्या रेघोट्यावालीला मी फार बोलले. घरी आल्यावर मनात आलं, चार मिनिटं जिच्याकडे कुणी फिरकलंच नाही, तिने टाचा किती वेळ उचलून धरायच्या? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो गं, हो गं’ करणाऱ्या त्या चार मुलींचं वाचलं आणि मला मातीतल्या त्या रेघोट्याच आठवल्या.

यावर शंभर वर्षांपूर्वीचं संशोधन आहे. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ साली निष्कर्ष छापले. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटत गेला. आठ जण एकत्र ओढायला लागले तेव्हा तो जवळपास निम्म्यावर आला होता. एवढे जण एका तालात ओढत नाहीत म्हणून असं होत असेल, असं कुणीही म्हणेल. म्हणून १९७४ साली अमेरिकेत काही संशोधकांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तुमच्या मागे आणखी लोक ओढताहेत असं सांगितलं आणि प्रत्यक्षात एकट्यालाच ओढायला लावलं. तरीही जोर कमीच लागला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जाणार हे आधी सांगितलं, की ही ढिलाई बरीच कमी होते. आणि तुमच्या मुलीच्या शाळेत तर पाचही जणींना सारखे गुण दिले!

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मीही हेच करत होते. गटाला मिळून एक वही, एक आकडा, मोकळे. ती माझी चूक होती आणि तिच्यामुळे काही मुलींवर अन्याय झाला. नंतर मी दोन गोष्टी बदलल्या. निम्मे गुण गटाला आणि निम्मे ज्याचे त्याला द्यायला लागले. दुसरं म्हणजे, प्रकल्प सांगायच्या दिवशी डब्यात पाच चिठ्ठ्या टाकायच्या. जिची निघेल तिने सगळा प्रकल्प समजावून सांगायचा, स्वतःचा भाग सोडून. या एका चिठ्ठीने फार फरक पडला. ज्या मुलीला सगळं येत होतं, तिला आता इतरांना शिकवावंच लागायचं. नाहीतर नेमकी न समजलेल्या मुलीची चिठ्ठी निघाली तर सगळ्यांचेच गुण जायचे. पालकसभेत हे वर्गशिक्षकांपुढे मांडा. तक्रारीच्या सुरात नको, ‘असं करून बघता येईल का’ असं विचारा.

घरी काय करता येईल, तेही सांगते. पुढचा प्रकल्प मिळाला की पहिल्याच शनिवारी त्या पाचही जणींना तासभर घरी बोलवा. पोहे करा, पण त्यांच्यात बसू नका. त्यांना एक कागद द्या. काय काय करायचं, कोण करणार, कोणत्या वारापर्यंत, असे तीन रकाने. कामाची वाटणी मात्र अशी हवी, की एकीचं झाल्याशिवाय दुसरीला पुढे सरकताच येऊ नये. पाण्याचाच विषय घ्या. एकीने सोसायटीच्या गच्चीची लांबी-रुंदी टेपने मोजायची. दुसरीने आपल्या भागात वर्षाला पाऊस किती पडतो ते शोधायचं. तिसरीने गुणाकार करायचा. समजा गच्ची १०० चौरस मीटर आणि पाऊस ७०० मिलिमीटर, तर एकट्या गच्चीवर वर्षाला ७०,००० लिटर पाणी पडतं. चौथीने वॉचमनकाकांना विचारून ते पाणी कुठल्या पाइपाने कुठे जातं याचं चित्र काढायचं. पाचवीने सोसायटीचे टँकर महिन्याला किती येतात त्याचा हिशेब आणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. आता गच्ची मोजणारी बुधवारी आली नाही तर गुणाकारवालीच तिच्या दारात जाऊन उभी राहील, तुमच्या मुलीला ओरडावं लागणार नाही. आणि हे सगळं समोर आलं की मुलींचे चेहरे बघा, त्यांना खरंच काहीतरी सापडलेलं असतं. नेटवरून उतरवलेल्या दहा पानांत ते नसतं.

आणि तुमच्या मुलीने शिकायचं ते खो देणं. चार पावलं पळायचं, बघायचं आणि खो द्यायचा. त्या सामन्यानंतर मी सरावात नियमच केला होता, दोन जणींच्या पुढे गेलीस की खो दिलाच पाहिजे. पहिला आठवडा फार वाईट गेला. आधीपेक्षा निम्म्याच मुली बाद होत होत्या आणि माझ्या त्या वेगवान मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. ‘बाई, मी एकटीने हिला पकडलं असतं.’ खरं होतं ते, पकडलंच असतं. पण तिसऱ्या आठवड्यात पाटीवरच्या आठही जणींच्या टाचा शेवटपर्यंत वर राहायला लागल्या. तुमच्या मुलीच्या बाबतीत खो देणं म्हणजे, जो भाग तिचा नाही तो आदल्या रात्री उचलायचा नाही. चार्टवर ती जागा कोरी राहू दे. हे तिच्यापेक्षा तुम्हाला जड जाईल, कारण त्या रात्री तुम्ही शेजारच्या खोलीत जाग्या असाल. आठवीत पाच-सात गुण गेले तरी चालतं. दहावीनंतर ही तालीम करायला इतकी स्वस्त जागा मिळत नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात दोनशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र आहेत. सहा-सहाचे गट पाडले की प्रत्येक गटात एकच मुलगा बोलतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. शिवाय ऊसतोडीवरून आईबापांबरोबर परतलेली तीन मुलं आहेत. त्यांना कुठलाच गट घेत नाही. ‘त्याला काही येत नाही सर’ म्हणतात. मी रागावलो तर तेवढ्यापुरतं घेतात. – एक शिक्षक

उत्तर : सर, तुमच्या पत्राने मला झोप लागली नाही, कारण ही मुलं मी दुसऱ्या टोकाकडून पाहिली आहेत. दिवाळीच्या आगेमागे ती आमच्या भागात यायची. कारखान्याच्या आसपास कोप्यांच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांच्या, रांगा उभ्या राहायच्या. पहाटेच्या थंडीत आईबाप फडात जायचे आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला काखेत घेऊन पाण्याच्या नळावर रांगेत उभी दिसायची. या मुलांसाठी आमच्याकडे साखरशाळा भरायच्या, त्यांत मी काही हंगाम जाऊन शिकवलं. म्हणून सांगते, ‘याला काही येत नाही’ हे तुमच्या वर्गातल्या मुलांचं वाक्य चुकीचं आहे. पण ती मुलं दुष्ट नाहीत. जो गट आधी संपवेल त्याला शाबासकी, अशी रीत असली की मागे पडलेला मुलगा गटाला ओझं वाटणारच. रागावून ते ओझं हलकं होत नाही. रीत बदलावी लागते.

ती कशी बदलायची हे एका माणसाने फार चांगलं दाखवलं आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात आणलं गेलं, आणि शाळाशाळांतून मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी वर्गात बसून पाहिलं, तर मुलं सारखी एकमेकांशी चढाओढ करत होती. हात वर करायचा, बाईंचं लक्ष वेधायचं, दुसरा चुकला की खूश व्हायचं. मग त्यांनी धड्याचेच तुकडे केले. पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. दुसऱ्याचा तुकडा कळायचा एकच मार्ग, त्याच्याकडून ऐकायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. ज्याला कालपर्यंत चिडवत होते, त्याचं बोलणं आता कान देऊन ऐकावं लागलं, आणि त्याला नीट बोलता यावं म्हणून नीट प्रश्नही विचारावे लागले. तुकडे जुळवून चित्र पुरं करायच्या खेळावरून या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

यातली एक पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि तुमच्या तीन मुलांसाठी तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. आपल्या गटात सांगण्याआधी सारखा तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं एकत्र बसतात. नदीचा तुकडा मिळालेली सगळी एका कोपऱ्यात, बाजाराचा तुकडा मिळालेली दुसऱ्या कोपऱ्यात. तिथे वाचायचं, एकमेकांना सांगून बघायचं, अडलं तर विचारायचं. तुमचा परतलेला मुलगा वाचनात अडखळत असेल, तर इथे त्याला दोनदा-तीनदा ऐकायला मिळतं. आपल्या गटात जाईपर्यंत त्याची तयारी झालेली असते. ही पायरी गाळून त्याला थेट गटापुढे उभं केलं, तर सगळ्यांसमोर अडखळेल आणि ‘बघा सर, सांगितलं होतं ना’ हे ऐकेल. सुरुवातीला त्याचा तुकडा चित्राचा द्या, मोजमापाचा द्या. वाचनाचा तुकडा महिन्याभराने.

परिसर अभ्यासात कधी उसापासून साखरेपर्यंतचा प्रवास घ्या. ऊस बुडख्याशी, अगदी जमिनीलगत का तोडतात? कारण गोडी खालच्या कांड्यांत जास्त असते. मोळी कशी बांधतात, एका मोळीत किती ऊस बसतात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढतात? हे त्या मुलाने रोज पाहिलेलं असतं. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, एक थांबला की दुसऱ्याचं काम तुंबतं. वर्गातल्या कुणाहीपेक्षा मिळून काम करणं त्याने जवळून बघितलं आहे. मात्र एक काळजी घ्या. त्याला आधी एकट्याला गाठून विचारा, ‘हे सांगशील का?’ तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. आणि त्याने उसाविषयी सांगावं, कोपीत कसे दिवस काढले हे कुणी विचारू नये. एका साखरशाळेत पाहुण्यांसमोर मुलांना ‘तुमचे हाल सांगा’ म्हणून उभं केलेलं मी पाहिलं आहे. ती मान खाली घातलेली पोरं मला आजही दिसतात.

एकच मुलगा बोलतो, यावर चिंचोक्यांचा उपाय करून पाहा. प्रत्येकाला तीन चिंचोके. बोललं की एक चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा. तिन्ही संपले की सगळ्यांचे संपेपर्यंत गप्प बसायचं. पहिले काही दिवस गटात शांतता पसरेल आणि ती तुम्हाला असह्य होईल. मध्ये बोलू नका. मी मनात पन्नासपर्यंत आकडे मोजायचे. साधारण तिसाच्या आसपास कुणीतरी हळूच चिंचोका सरकवतं. आणि गट सहाचे नको, चारचे करा. सहा जण गोल करून बसले की दोघं आपोआप मागच्या बाजूला जातात. चौघांत मागची बाजूच नसते.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. या वर्षी मला शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन केलं. आधी सगळ्या माझ्या मैत्रिणी होत्या. आता म्हणतात, हिच्या डोक्यात हवा गेली. हरायला लागलो की मी ओरडते हे खरं आहे, पण मी जिंकायला ओरडते ना? – रत्नागिरीहून एक वाचक

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचून मला माझं मैदान आठवलं. तू जिंकायलाच ओरडतेस, यात मला शंका नाही. पण ओरडताना काय बोलतेस ते एकदा लिहून काढ. ‘अगं काय करतेस!’ ‘लक्ष कुठंय!’ यातून समोरचीला काय कळलं? मैदानावर ओरडायला हरकत नाही, पण शब्द असे हवेत की ज्यांतून काहीतरी सांगितलं जाईल. नाव, दिशा, वेळ. ‘सई, डावीकडे!’ ‘दोन मिनिटं राहिली!’ बाकीचं मैदानाबाहेर. आणि मैदानाबाहेर आल्यावर पहिली चूक सांगायची ती स्वतःची. ‘मी खुंटाजवळ उशिरा वळले’ असं तू म्हणालीस, की पुढची आपली चूक आपणहून सांगेल. सगळ्यांत धाकट्या मुलीला आधी बोलू दे. मोठ्यांनंतर ती बोलणारच नाही.

आणखी एक. सरावाआधी मैदानावर फक्की कोण मारतं? पाण्याची कळशी कोण उचलतं? कॅप्टन झाल्यापासून तू ते सोडलं असशील, तर उद्यापासून पुन्हा सुरू कर. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनीही तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते सामने पुन्हा बघ. आणि या वेळी पळणाऱ्यांकडे बघू नकोस. पाटीवर बसलेल्यांकडे बघ, आणि खो सुटायच्या आधी त्यांची नजर कुठे असते ते टिपून ठेव.

प्रश्न : बाई, हे सगळं ठीक आहे. पण दहावीचा पेपर प्रत्येकाने एकट्यानेच लिहायचा असतो. गटात घालवलेला वेळ अभ्यासातून जातो, त्याचं काय? – एक वडील, नाशिक

उत्तर : तुमचं अर्धं मला मान्य आहे. पाढे, अक्षर, गणिताचा सराव, पाठांतर हे ज्याचं त्यानेच करायचं असतं. तिथे गट करणारे शिक्षक मुलांचा वेळ वाया घालवतात असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यालाच गट लावायची आता एक साथ आली आहे, ती मला पटत नाही.

पण तुमच्या मुलाला आणखी दोघांबरोबर रविवारी बसवून बघा. तिघांनी एकच प्रश्नपत्रिका वेगवेगळी, घड्याळ लावून, एकमेकांशी न बोलता सोडवायची. मग अदलाबदल करून तपासायची आणि जिथे गुण कापला तिथे का कापला हे समोरच्याला पटवून द्यायचं. दुसऱ्याची चूक समजावून सांगताना मुलगा जेवढा शिकतो, तेवढं मी फळ्यापुढे उभी राहून कधी शिकवू शकले नाही. प्रकाशाचं अपवर्तन मलाही नीट समजलं ते शिकवायला लागल्यावरच.

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. त्याला मुलांत मिसळायला आवडत नाही. खेळाच्या तासाला भिंतीशी उभा राहतो. शाळेतून चिठ्ठी आली, ‘संघभावना कमी आहे.’ त्याला जबरदस्तीने संघात घालावं का? – एक आजी, कोल्हापूर

उत्तर : नको आजी, जबरदस्ती नको. भिंतीशी उभा राहून तो काय करतो, ते मात्र दोन दिवस शाळेच्या फाटकाबाहेरून बघून या. डोळे मिटून, कानांवर हात ठेवून उभा असेल, तर गोंगाटाचा त्याला त्रास होत असेल. मग ते डॉक्टरांच्या कानावर घाला. कुणी त्याला छळत असेल, तर त्याचा बंदोबस्त आधी, बाकीचं नंतर. आणि नुसताच बघत उभा असेल, तर तो काय बघतो ते विचारा.

माझ्याकडे अशी एक मुलगी होती. पाचवीपासून रोज मैदानाच्या कडेला बकुळीच्या झाडाखाली बसायची. खेळायला ये म्हटलं की आक्रसून जायची. सहावीत मी तिला एक पुठ्ठा, एक पेन्सिल आणि माझं घड्याळ दिलं. म्हटलं, ‘कोण कितव्या मिनिटाला बाद झालं, एवढं लिहून देशील? मला पळतापळता लिहिता येत नाही.’ तिने लिहिलं. रोज लिहिलं. पुठ्ठ्यावर रेघा आखून, बारीक अक्षरात. माझ्या मुली सरावानंतर तिच्याभोवती जमायच्या, ‘माझं किती झालं? माझं किती?’ असं विचारत. तिला त्यांच्यात जावं लागलं नाही, त्याच तिच्याकडे आल्या.

चार-पाच महिन्यांनी एका सामन्याच्या मध्यंतरात ती आपणहून आमच्या कॅप्टनपाशी गेली. तिच्याकडे न बघता, पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली, ‘त्यांची सात नंबरची दर वेळी खुंटाजवळ उजवीकडेच वळते. पाचही वेळा.’ कॅप्टनने पुठ्ठा हातात घेतला आणि तिथेच सगळ्या मुलींना गोल करून बसवलं. मधली जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. ती थोडी कडेला बसली, पण बसली.

तुमच्या नातवाला काय मोजायला, काय लिहायला, काय लावायला आवडतं ते मला कळवा. त्याच्या खेळाच्या सरांसाठी एक चिठ्ठी मी लिहून पाठवते.